बैठका आणि सहकाऱ्यांचे संबंध : दोन्ही एकत्र सुधारण्याची पद्धत

बहुतेक कार्यालयांत दोन तक्रारी वर्षानुवर्षे वेगवेगळ्या मांडल्या जातात. बैठकांमध्ये वेळ फार जातो आणि हाती काही लागत नाही, ही एक. आणि सहकाऱ्यांमध्ये मोकळेपणा उरलेला नाही, ही दुसरी. पहिलीवर उपाय म्हणून बैठका कमी करण्याचा आदेश निघतो, तर दुसरीवर उपाय म्हणून एखादी सहल किंवा स्नेहसंमेलन ठरते. माझ्या मते या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. एरवी आपापल्या कामात गुंतलेली माणसे एकमेकांना सर्वांत जवळून पाहतात ती बैठकीत. कोणाचे बोलणे कोणी तोडले, कोणाच्या कल्पनेचे श्रेय कोणी घेतले, वेगळे मत मांडणाऱ्याला कसे वागवले गेले आणि दिलेला शब्द कोणी पाळला, हे सारे तेथे सर्वांच्या डोळ्यांदेखत घडते आणि दीर्घकाळ लक्षात राहते. म्हणून संबंध सुधारायचे असतील, तर सुरुवात बैठकीपासून करावी. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पायरी १ : चालू बैठकांची नोंद करावी

आपल्या विभागात ठरावीक दिवशी नियमितपणे होणाऱ्या सर्व बैठका एका कागदावर उतरवाव्यात. प्रत्येकीसमोर चार गोष्टी लिहाव्यात : ती किती वेळ चालते, किती जण बसतात, ती कशासाठी सुरू झाली आणि गेल्या महिन्याभरात तिच्यातून कोणता निर्णय निघाला. वेळ आणि माणसे यांचा गुणाकार करावा. आठ जणांची एक तासाची बैठक म्हणजे आठ तासांचे काम, म्हणजेच एका व्यक्तीचा पूर्ण दिवस. हा आकडा समोर आला की बैठकीकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

मग प्रत्येक बैठकीचा हेतू तपासावा. निर्णय घेणे, अवघड प्रश्नावर एकत्र विचार करणे आणि ताण निर्माण झालेल्या विषयावर समोरासमोर बोलणे, या तीन कामांसाठी माणसांनी एकत्र बसणे योग्य असते. केवळ माहिती देण्यासाठी ते सहसा आवश्यक नसते. एक पानाची टिपण पाठवली, तर प्रत्येक जण सोयीच्या वेळी ती वाचू शकतो. जिच्या उपयोगाबद्दल शंका आहे, अशी बैठक एकदम रद्द करण्याऐवजी महिनाभर स्थगित ठेवावी. त्या काळात कोणाचे काम अडले, कोणी तिची आठवण काढली, हे पाहावे आणि मगच निर्णय घ्यावा. काही बैठका कागदावर निरुपयोगी दिसतात. पण विखुरलेल्या सहकाऱ्यांना एकमेकांशी बोलण्याची तेवढीच संधी मिळत असते, याचे भान ठेवावे.

कालावधीही तपासावा. काम त्याला दिलेल्या वेळाइतके पसरते, हे निरीक्षण सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये मांडले आणि बैठकांना ते तंतोतंत लागू पडते. दिनदर्शिकेत आपोआप येणारा एक तासाचा चौकोन कोणी विचार करून ठरवलेला नसतो. तो ४५ किंवा २५ मिनिटांचा करून पाहावा. उरलेली मिनिटे लागोपाठच्या दोन बैठकांमध्ये श्वास घेण्यासाठी आणि आधीच्या बैठकीतली कामे टिपून ठेवण्यासाठी उपयोगी पडतात.

पायरी २ : कोणाला बोलवायचे ते ठरवावे

फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमान यांनी १९१३ मध्ये दोरी ओढण्याच्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गटातील माणसे वाढत गेली, तसा प्रत्येकाचा सरासरी जोर कमी होत गेला. मोठ्या बैठकीतही असेच घडते. पंधरा जणांच्या खोलीत प्रत्येकाला वाटते की दुसरा कोणीतरी बोलेल. निर्णयाच्या बैठकीसाठी पाच ते आठ माणसे पुरेशी असतात, असे माझे मत आहे.

मात्र येथे संबंधांचा प्रश्न उभा राहतो. आमंत्रण न मिळणे म्हणजे आपल्याला बाजूला सारले जाणे, असा अर्थ माणसे लावतात आणि पुष्कळदा तो लावण्यास कारणही असते. म्हणून यादीतून नाव कमी करताना संबंधित व्यक्तीशी आधी स्वतः बोलावे. तिच्या वेळेचा विचार करून हा बदल केला आहे, तिचे म्हणणे लेखी मागवले जाईल, इतिवृत्त तिला त्याच दिवशी मिळेल आणि तिच्या कामाशी निगडित विषय आला तर तिला अवश्य बोलावले जाईल, हे स्पष्ट सांगावे आणि पाळावे. जे उपस्थित राहणार आहेत त्यांनाही आपण कोणत्या नात्याने बसलो आहोत, हे ठाऊक असावे. निर्णय कोणाचा, सल्ला कोणाचा आणि अंमलबजावणी कोणाची, हे संदिग्ध राहिले की सल्ला देणाऱ्याला आपले मत डावलले गेल्याचे दुःख होते. खरे तर निर्णयाचा अधिकार त्याच्याकडे कधीच नव्हता.

पायरी ३ : विषयपत्रिका प्रश्नरूपात लिहावी

‘नवीन प्रणाली – चर्चा’ अशी नोंद असलेल्या विषयपत्रिकेवरून कोणालाही तयारी करता येत नाही. त्याऐवजी ‘जुनी प्रणाली या महिन्याच्या अखेरीस बंद करायची, की पुढील तिमाहीपर्यंत दोन्ही समांतर चालवायच्या?’ असा प्रश्न लिहावा. प्रश्नाचे उत्तर मिळाले की विषय संपला, हे सर्वांना कळते. ज्या विषयाचा प्रश्न लिहिताच येत नाही, तो अजून बैठकीत आणण्याइतका पक्व झालेला नाही, असे समजावे.

विषयांचा क्रमही महत्त्वाचा आहे. पार्किन्सन यांनीच १९५७ मध्ये एका काल्पनिक समितीचे उदाहरण दिले होते. अणुभट्टीवरचा प्रचंड खर्च ती काही मिनिटांत मंजूर करते, कारण तो विषय फारसा कोणाला समजत नाही; सायकली ठेवण्याच्या शेडवर मात्र दीर्घ चर्चा होते, कारण त्याबद्दल प्रत्येकाला मत असते. म्हणून सर्वांत अवघड विषय अगदी आरंभी, मन ताजे असताना घ्यावा, प्रत्येक विषयासमोर मिनिटे लिहावीत आणि किरकोळ बाबी एका व्यक्तीच्या अधिकारात सोपवाव्यात.

वाचायचे साहित्य किमान एक दिवस आधी पाठवावे. तरीही अनेकांचे वाचन झालेले नसते. त्यावर रागावून उपयोग नाही. बैठकीची पहिली दहा मिनिटे शांत वाचनासाठी द्यावीत. ॲमेझॉन कंपनीत २००४ पासून वरिष्ठांच्या बैठकांमध्ये स्लाइड्सऐवजी लिखित टिपण आणण्याची आणि आरंभी सर्वांनी ते मुकाट्याने वाचण्याची पद्धत रुजली. या पद्धतीचा आणखी एक फायदा असा की, प्रभावी वक्तृत्व नसलेल्या पण नीट विचार करणाऱ्या सहकाऱ्याचे म्हणणेही तितक्याच वजनाने समोर येते.

पायरी ४ : बोलण्याची संधी न्याय्य रीतीने वाटावी

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण बैठकीतले बहुतेक मनोभंग येथे होतात.

मानसशास्त्रज्ञ सोलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी केलेले प्रयोग प्रत्येक विभागप्रमुखाने माहीत करून घ्यावेत. रेघांची लांबी ओळखण्याचे काम इतके सोपे होते की एकट्याने ते करताना क्वचितच कोणी चुकत असे. पण गटातील इतर सर्वांनी, प्रयोगकर्त्याशी आधी संगनमत करून, एकमुखाने चुकीचे उत्तर दिले तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश व्यक्तींनी किमान एकदा तरी त्या चुकीच्या उत्तराला होकार दिला. गटातील एकाच माणसाने बरोबर उत्तर दिले, तर हे प्रमाण लक्षणीय घटले. दिसणाऱ्या रेघेबाबत ही स्थिती असेल, तर साहेबांनी मत दिल्यावर पगार आणि बढती ज्यांच्या हाती आहे अशा व्यक्तीसमोर दुसरे मत देणे किती कठीण असेल, याचा विचार करावा. म्हणून वरिष्ठाने सर्वांत शेवटी बोलावे. बोलण्याआधी त्याने केवळ प्रश्न विचारावेत, आणि तेही आपले मत उघड न करणारे.

महत्त्वाच्या विषयावर चर्चेआधी प्रत्येकाला तीन-चार मिनिटे देऊन आपले मत लिहून काढायला सांगावे. नव्या कल्पना सुचवायच्या असतील, तेव्हा तर हे अत्यावश्यक आहे. येल विद्यापीठात १९५८ मध्ये झालेल्या अभ्यासात चार जणांच्या एकत्र बसलेल्या गटापेक्षा स्वतंत्रपणे विचार करणाऱ्या चार व्यक्तींच्या एकत्रित केलेल्या कल्पना संख्येने अधिक भरल्या. एकत्र बसल्यावर आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते आणि तेवढ्यात सुचलेले विरून जाते, हे त्याचे एक कारण पुढील संशोधनात आढळले. आधी लिहावे, मग क्रमाने वाचावे आणि शेवटी चर्चा करावी, हा क्रम पाळल्यास अबोल सहकाऱ्याला बोलण्यासाठी कोणाशी झगडावे लागत नाही. ज्याला पाळी आल्यावर बोलायचे नसेल, त्याला ‘सध्या काही नाही’ असे म्हणण्याची मुभा असावी. बळेच बोलायला लावणे हाही एक प्रकारचा अन्यायच आहे.

गटात माहिती असूनही ती वापरली जात नाही, हा आणखी एक दोष आहे. गॅरल्ड स्टासर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की, गट सर्वांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींवर अधिक बोलतात आणि एखाद्यालाच ठाऊक असलेली गोष्ट पुष्कळदा चर्चेत येत नाही. परिणामी चुकीची निवड होऊ शकते. यावर साधा उपाय आहे. ‘कोणाला काही बोलायचे आहे का?’ या प्रश्नाऐवजी ‘या विषयातली अशी कोणती गोष्ट आहे, जी तुमच्या कामामुळे फक्त तुम्हालाच दिसते?’ असे नाव घेऊन विचारावे.

बोलणे तोडणाऱ्याला थांबवण्याची जबाबदारी बैठक चालवणाऱ्याची आहे. ज्याचे बोलणे तोडले गेले, त्याला स्वतःसाठी भांडायला लावू नये. ‘एक मिनिट, त्यांचे वाक्य पूर्ण होऊ द्या, लगेच तुमच्याकडे येतो,’ एवढे शांतपणे म्हटले तरी पुरते. त्याचप्रमाणे एकाने मांडलेली कल्पना थोड्या वेळाने दुसऱ्याच्या तोंडून आली आणि तिचे कौतुक झाले, तर ‘हा मुद्दा मघाशी यांनी काढला होता, तुम्ही तो पुढे नेला आहे,’ असे सांगावे. यात दोघांचाही मान राहतो. ही काळजी कोणीही सहकारी घेऊ शकतो. त्यासाठी अध्यक्ष असण्याची गरज नाही.

पायरी ५ : मतभेदाला जागा द्यावी

मतभेद कामाबद्दल असू शकतो किंवा माणसाबद्दल. पहिल्यातून निर्णय सुधारण्याची शक्यता असते. दुसऱ्यातून केवळ नुकसान होते. अडचण अशी की पहिला सहज दुसऱ्यात बदलतो. ‘तुम्ही नेहमीच घाईने आकडे देता’ हे वाक्य माणसाबद्दल आहे. ‘या आकड्यात मागील तिमाहीच्या परताव्यांचा समावेश दिसत नाही’ हे कामाबद्दल आहे. ‘नेहमी’, ‘कधीच’ आणि ‘तुम्ही लोक’ हे शब्द बैठकीतून काढून टाकले, तरी बरेच काही साधते.

वाद तापू लागला की एक नियम लावावा. समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगावे. तो ‘होय, मला हेच म्हणायचे आहे’ असे म्हणेपर्यंत स्वतःचे उत्तर देऊ नये. यात दोन-तीन मिनिटे जातात. पण निम्मे वाद तेथेच मिटतात, कारण दोघे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते, हे ध्यानात येते.

याउलट, मतभेद अजिबात नसणे हेही धोक्याचे लक्षण आहे. एकजुटीच्या ओढीने गट शंका दडपतात आणि मोठ्या चुका करतात, याचे विश्लेषण अर्व्हिंग जॅनिस यांनी १९७२ मध्ये केले. मोठा निर्णय पक्का करण्यापूर्वी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी सुचवलेली कृती करून पाहावी : एक वर्ष उलटले आहे आणि ही योजना पूर्णपणे फसली आहे, अशी कल्पना करून प्रत्येकाने त्याची कारणे लिहावीत. एरवी शंका काढणारा निराशावादी ठरतो. येथे शंका काढणे हेच सर्वांना दिलेले काम असल्यामुळे कोणाचाही पाणउतारा होत नाही.

शांतता म्हणजे संमती, असे कधीही धरू नये. निर्णय वाचून दाखवावा आणि प्रत्येकाला त्याचा पाठिंबा आहे का, हे विचारावे. कोणाचा विरोध कायम असेल, तर तो कारणासह इतिवृत्तात नोंदवावा. आपला आक्षेप नीट ऐकला आणि लिहिला गेला, हे दिसले की बहुतेक माणसे न पटलेल्या निर्णयाचीही मनापासून अंमलबजावणी करतात.

पायरी ६ : शेवटची मिनिटे राखून ठेवावीत आणि इतिवृत्त त्याच दिवशी पाठवावे

चर्चा कितीही रंगली तरी शेवटची पाच ते दहा मिनिटे निर्णय आणि कामे वाचून दाखवण्यासाठी राखावीत. प्रत्येक कामासमोर एकाच व्यक्तीचे नाव, तारीख आणि काम पूर्ण झाले हे कशावरून समजायचे, याची खूण असावी. ‘हिशेब विभाग पाहील’ अशी नोंद म्हणजे कोणीही न पाहण्याची सोय. इतिवृत्त एका पानापेक्षा मोठे नसावे आणि त्यात कोण काय म्हणाले यापेक्षा काय ठरले व का ठरले, हे असावे. ते लिहिण्याची जबाबदारी आळीपाळीने सर्वांकडे जावी. दरवेळी सर्वांत कनिष्ठ व्यक्तीवर किंवा महिला सहकाऱ्यावर ती टाकली जात असेल, तर ती पद्धत त्वरित थांबवावी, कारण लिहिणारी व्यक्ती चर्चेत पूर्णपणे भाग घेऊ शकत नाही.

पुढील बैठकीची सुरुवात मागील कामांच्या आढाव्याने व्हावी. राहून गेलेल्या कामाबद्दल ‘का झाले नाही?’ यापेक्षा ‘काय अडले आणि कोणाची मदत हवी?’ असे विचारावे. यामागे केवळ सौजन्य नाही. एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील गटांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या नेतृत्वाच्या गटांमध्ये औषधांच्या चुका अधिक नोंदलेल्या आढळल्या. तेथे चुका अधिक होत होत्या असे नव्हे. लोक त्या न घाबरता सांगत होते, म्हणून त्या दिसत होत्या. चूक लपवावी लागेल असे वातावरण असेल, तर ती उशिरा आणि महागात कळते. ज्याला मुदत पाळणे शक्य नाही, त्याने मुदतीच्या आधी कळवावे, एवढी अपेक्षा मात्र ठामपणे ठेवावी.

पायरी ७ : दुखावलेले संबंध बैठकीबाहेर सांधावेत

इतके करूनही कोणी दुखावले जातेच. अशा वेळी आपले मन एक चूक हमखास करते, जिचे विवेचन ली रॉस यांनी १९७७ मध्ये केले : दुसऱ्याच्या वागण्याचे कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि त्याच्यावरील परिस्थितीचा दाब विसरतो. स्वतःच्या उशिराला वाहतूक कारणीभूत असते आणि दुसऱ्याच्या उशिराला बेपर्वाई. म्हणून बोलण्यापूर्वी त्या वागण्याची किमान दोन निरुपद्रवी कारणे स्वतःशी मांडावीत.

मग एक-दोन दिवसांत, एकांतात आणि शक्यतो समोरासमोर बोलावे. लेखी संदेशात आवाज उतरत नाही, त्यामुळे नाजूक विषय तेथे टाळावा. प्रसंग, वागणूक आणि तिचा परिणाम, या क्रमाने बोलावे आणि शेवटी प्रश्न विचारावा. ‘कालच्या बैठकीत मी खर्चाचा अंदाज मांडत असताना तुम्ही दोनदा मध्ये बोललात. मला पुढचे सांगता आले नाही आणि सर्वांसमोर अवघडल्यासारखे झाले. त्या वेळी तुमच्या मनात काय होते, हे समजून घ्यायचे आहे.’ अशा बोलण्यात आरोप नसतो, पण गुळमुळीतपणाही नसतो. चूक आपली असेल, तर ‘तुम्हाला वाईट वाटले असेल तर’ अशी अट न घालता, नेमके काय चुकले ते सांगून माफी मागावी. बोलणे सर्वांसमोर झाले असेल, तर माफीही सर्वांसमोर मागावी.

सहकाऱ्याच्या कामाबद्दल अभिप्राय देताना आणखी सावध असावे. क्लूगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा एक-तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर काम उलट खालावल्याचे दिसले. लक्ष कामावरून स्वतःच्या प्रतिमेकडे वळले की असे होण्याची शक्यता वाढते. म्हणून अहवालातील तिसरा तक्ता कसा सुधारता येईल, हे सांगावे. अहवाल लिहिणारा कसा आहे, हे सांगू नये. कौतुकही तितकेच नेमके असावे.

दुरावलेल्या सहकाऱ्याशी पुन्हा जवळीक साधायची असेल, तर त्याच्याकडे एखादी छोटी, खरीखुरी मदत मागावी. आपण ज्याला मदत करतो त्याच्याबद्दल आपले मत चांगले होते, हे जेकर आणि लँडी यांच्या १९६९ च्या प्रयोगात आढळले. मात्र त्याच्या जाणकारीचा आदर मनात असेल, तरच हे करावे. कोणी तिसऱ्याच सहकाऱ्याबद्दलची तक्रार आपल्याकडे आणली, तर ‘हे तुम्ही त्यांच्याशी बोललात का?’ असे विचारावे आणि निरोप्याचे काम स्वीकारू नये.

पायरी ८ : ऑनलाइन बैठकीत वेगळी काळजी घ्यावी

काही जण खोलीत आणि काही पडद्यावर असतील, तर पडद्यावरच्यांना आधी बोलू द्यावे. खोलीतील आपसांतली कुजबुज त्यांना ऐकू जात नाही आणि ते हळूहळू प्रेक्षक बनतात. हात वर करण्याची सोय आणि चॅट यांवर लक्ष ठेवण्याचे काम एकाकडे द्यावे. कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती करू नये.

पायरी ९ : अधिकार नसेल तर

बैठक चालवणे आपल्या हाती नसले, तरी बरेच काही करता येते. आमंत्रण आल्यावर ‘या बैठकीत माझ्याकडून कोणती तयारी अपेक्षित आहे?’ असे विनयाने विचारले की विषय स्पष्ट होऊ लागतात. चर्चा भरकटली, तर ‘आपण नेमके कोणत्या प्रश्नावर निर्णय घेत आहोत?’ असे विचारता येते. इतिवृत्त नसेल, तर ‘माझ्या समजुतीप्रमाणे ठरलेल्या गोष्टी अशा आहेत, काही राहिले असल्यास कळवावे,’ असा चार ओळींचा संदेश पाठवावा. एकटा पडलेला सहकारी योग्य बोलत असेल, तर त्याला उघड दुजोरा द्यावा; ॲश यांच्या प्रयोगात एका सोबत्याने केवढा फरक पडला, हे आपण पाहिलेच आहे.

पायरी १० : तीन महिन्यांनी तपासावे

सर्व बदल एकाच वेळी करू नयेत. पहिल्या महिन्यात प्रश्नरूप विषयपत्रिका आणि त्याच दिवशीचे इतिवृत्त, दुसऱ्यात वरिष्ठाने शेवटी बोलण्याचा नियम आणि तिसऱ्यात आधी लिहिण्याची पद्धत, असा क्रम सोयीचा पडतो. तीन महिन्यांनी नाव न लिहिता प्रत्येकाकडून तीन प्रश्नांची उत्तरे घ्यावीत : गेल्या काही बैठकांमध्ये मनात असूनही न बोललेली गोष्ट होती का, माझ्या मतामुळे एखादा निर्णय बदलला का, आणि कोणती बैठक उद्यापासून बंद झाली तरी चालेल. पहिल्या प्रश्नाला ‘होय’ म्हणणारे अधिक असतील, तर चौथ्या आणि पाचव्या पायरीकडे परत जावे. मिळालेली उत्तरे सर्वांना दाखवावीत आणि त्यांपैकी किमान एका सूचनेवर पुढच्याच आठवड्यात कृती करावी.